गालातली गाठ दोनदा वाचताना : डीएनए काय सांगतो, आरएनए काय सांगतो

तंबाखू-चुना मळून त्याचा बार तोंडात जिथे धरला जातो, नेमकं तिथलंच अस्तर बिघडतं. गालाच्या आतल्या बाजूला आणि खालच्या हिरडीलगत होणारा हा कॅन्सर महाराष्ट्राला नवा नाही. बायोप्सी होते आणि रिपोर्टवर लिहून येतं, ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, मॉडरेटली डिफरन्शिएटेड’. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाच्या रिपोर्टवरही शब्दन् शब्द तेच असतं. पुढे एकाची गाठ ऑपरेशन आणि रेडिएशननंतर पुन्हा डोकं वर काढत नाही, तर दुसऱ्याची काही महिन्यांतच मानेच्या गाठींमध्ये उतरते. मायक्रोस्कोपखाली दोघांच्या पेशी सारख्याच दिसल्या होत्या.

हा फरक शोधायला गेल्या वीसेक वर्षांत दोन वाटा रुळल्या. जीनोमिक्समध्ये गाठीतल्या पेशींचा डीएनए वाचतात, ट्रान्सक्रिप्टोमिक्समध्ये आरएनए. दोन्हींची नावं भारदस्त आहेत आणि बातम्यांत ती एका दमात घेतली जातात, पण त्यांनी दिलेली उत्तरं वेगळी असतात. कधीकधी तर ती एकमेकांशी भांडतातही.

माणसाच्या डीएनएच्या एका संचात, म्हणजे जीनोममध्ये, सुमारे ३१० कोटी अक्षरं असतात आणि प्रत्येक पेशीत असे दोन संच, एक आईकडचा, एक वडिलांकडचा. प्रथिनं बनवण्याची माहिती असलेली जनुकं वीस हजारांच्या आसपास आहेत आणि त्यांचा प्रत्यक्ष प्रथिन लिहिणारा भाग एकूण अक्षरांच्या जेमतेम दीड टक्का भरतो. गालाची पेशी आणि यकृताची पेशी यांचा डीएनए जवळपास एकच. तरी त्या वेगळं काम करतात, कारण कोणत्या जनुकाच्या किती आरएनए प्रती निघतात हे प्रत्येक पेशीत वेगळं असतं. डीएनए हे लोकलचं छापील वेळापत्रक मानलं, तर आरएनए म्हणजे आज प्रत्यक्षात कोणती गाडी किती वेळा धावली याची नोंद. कॅन्सरमध्ये वेळापत्रकात छपाईच्या चुका होतात हे खरं, पण नुसत्या चुका मोजून फलाटावर काय चाललंय हे कळत नाही.

मशीनच्या आधीच बरंच ठरून जातं

जीनोमिक चाचण्यांची जाहिरात मशीनच्या नावाने होते. खरं तर निम्मा निकाल ऑपरेशन थिएटर आणि पॅथॉलॉजीच्या टेबलावरच लागलेला असतो.

काढलेला तुकडा १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये लगेच, म्हणजे तासाभराच्या आत पडायला हवा. फॉर्मेलिन तुकड्याच्या किमान दहापट हवं. त्यात तो सहा तासांपेक्षा कमी राहू नये आणि ७२ तासांपेक्षा जास्तही नको. फॉर्मेलिन आत शिरतं ते तासाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने. मोठा तुकडा न चिरता बरणीत टाकला, की कडा नीट टिकतात आणि मध्यभाग आतून सडत राहतो. बफर नसलेलं फॉर्मेलिन हळूहळू आम्लधर्मी होतं आणि डीएनएचे तुकडे पाडतं. शनिवारी संध्याकाळी बरणीत टाकलेला नमुना मंगळवारी रात्रीपर्यंत तसाच राहिला, तर तुकडे आणखी बारीक होतात आणि वाचण्याजोगा डीएनए घटतो.

फॉर्मेलिनची आणखी एक खोड आहे. त्याच्या संपर्कात डीएनएमधल्या ‘सी’ या अक्षराचा अमिनो गट निघून जातो आणि मशीनला तिथे ‘टी’ दिसतं. गाठीत नसलेला बदल रिपोर्टात उमटतो. जुन्या ब्लॉकमध्ये, म्हणजे मेणात जमवून ठेवलेल्या नमुन्यात, एक ते पाच टक्के प्रमाणात शेकडो ‘सी’चे ‘टी’ दिसू लागले, तर अनुभवी माणूस आधी फॉर्मेलिनवर संशय घेतो, कॅन्सरवर नंतर. यावर एक एन्झाइम वापरतात. ते असे बिघडलेले ‘सी’ कापून टाकतं, पण ज्या ‘सी’वर आधीच मिथाइल गट बसलेला असतो तिथे त्याचं काही चालत नाही.

गाल-हिरडीच्या कॅन्सरची स्वतंत्र अडचण म्हणजे जबड्याचं हाड. गाठ हाडात शिरली असेल तर हाडासकट भाग काढतात आणि तो कापता यावा म्हणून आम्लात भिजवून मऊ करतात. नायट्रिक किंवा हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवलेल्या हाडातून कामाचा डीएनए सहसा मिळत नाही, आरएनए तर विसराच. म्हणून गाठीचा मऊ भाग हाडापासून वेगळा करून त्याचा ब्लॉक आम्लाशिवाय बनवायचा. हाडच तपासायचं असेल तर ईडीटीए या सौम्य रसायनाने सावकाश मऊ करायचं. वेळ जास्त लागतो, पण डीएनए टिकतो.

यानंतर पॅथॉलॉजिस्ट रंगवलेल्या स्लाइडवर पेनने गोल काढतो, की गाठ इथे आहे, इथूनच खरवडा. गाठीचा तुकडा म्हणजे शंभर टक्के कॅन्सरपेशी असं कधीच नसतं. त्यात रक्तवाहिन्या, दाहपेशी, तंतू तयार करणाऱ्या पेशी असं सगळं मिसळलेलं असतं. समजा खरवडलेल्या भागात ४० टक्के पेशी कॅन्सरच्या आहेत आणि एखादा बदल त्यांच्यातल्या जनुकाच्या दोनपैकी (आईकडची, वडिलांकडची) एकाच प्रतीत आहे. शंभर पेशींच्या दोनशे प्रतींपैकी चाळीस बदललेल्या, म्हणजे रिपोर्टात तो बदल २० टक्के दिसायला हवा. टीपी५३ या जनुकाच्या बाबतीत बहुधा एक प्रत बिघडते आणि दुसरी गळून पडते. मग कॅन्सरच्या चाळीस पेशींच्या चाळीस प्रती, निरोगी साठ पेशींच्या १२०, एकूण १६०, त्यातल्या चाळीस बदललेल्या. उत्तर २५ टक्के. हा हिशोब कागदाच्या कडेला पेन्सिलीने करता येतो आणि करावाच, कारण पॅथॉलॉजिस्ट ४० टक्के म्हणतोय आणि सगळे बदल तीन-चार टक्क्यांवर अडकलेत, तर बहुधा गोल चुकलाय किंवा खरवडताना दुसरंच काही आलंय.

कॅन्सरपेशी दहाच टक्के असतील, तर एका प्रतीतला बदल पाच टक्क्यांवर येतो. प्रत्येक जागा ३० वेळा वाचली, तर तो सरासरी दीड वेळा दिसेल. मशीनची स्वतःची चूक हजारात एखाद्या अक्षराची असते, तेव्हा दीडवर कोणी विश्वास ठेवणार नाही. तीच जागा ५०० वेळा वाचली तर तो पंचवीस वेळा दिसतो. म्हणून उपचारासाठीच्या चाचण्या संपूर्ण जीनोमऐवजी निवडक काहीशे जनुकं घेतात आणि ती पाचशे-हजार वेळा वाचतात. बऱ्याच प्रयोगशाळा कॅन्सरपेशी २० टक्क्यांच्या खाली असतील तर नमुना परत पाठवतात. नातेवाईक वैतागतात, पण निर्णय बरोबर असतो.

वजाबाकी

डीएनए काढून त्याचे दोन-तीनशे अक्षरांचे तुकडे करतात, टोकांना ओळखीच्या पट्ट्या जोडतात आणि मशीन प्रत्येक तुकडा दोन्ही बाजूंनी सुमारे १५० अक्षरं वाचतं. कोट्यवधी तुकडे मग संगणक संदर्भ-जीनोमवर, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या प्रमाण जीनोमवर, आपापल्या जागी बसवतो.

पण कोणत्याही निरोगी माणसाचा जीनोम संदर्भाशी ताडला तरी चाळीस-पन्नास लाख ठिकाणी फरक निघतो. ते जन्मजात फरक आहेत, कॅन्सरशी त्यांचा संबंध नाही. गाठीत नव्याने झालेले बदल हवे असतील, तर त्याच माणसाचा निरोगी डीएनए वाचून तो वजा करावा लागतो. तोंडाच्या कॅन्सरमध्ये त्यासाठी लाळ किंवा गालाचा स्वॅब घेऊ नये. तिथे कॅन्सरच्या आणि कॅन्सरच्या वाटेवर असलेल्या पेशी मिसळलेल्या असतात आणि मग खरा बदलच वजा होऊन जातो. अशा वेळी रक्त घ्यावं.

रक्ताचा नमुना नसेल, तर प्रयोगशाळा सार्वजनिक माहितीसाठ्यांच्या आधारे जन्मजात फरक गाळते. हे साठे बराच काळ मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचे होते. त्यामुळे आपल्याकडे सर्रास आढळणारा एखादा निरुपद्रवी फरक तिथे ‘कधीच न पाहिलेला’ ठरतो आणि गाठीतला बदल म्हणून छापला जातो. जीनोमइंडिया प्रकल्पात दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचले गेले, त्याचा कॅन्सरच्या रिपोर्टांना होणारा फायदा हाच. बातम्यांमध्ये तो भाग फारसा आला नाही.

वजाबाकीनंतरही शेकडो, कधी हजारो बदल उरतात. त्यातले बहुतेक नुसते सोबत आलेले असतात. गाठ वाढवणारे मोजकेच, त्यांना ड्रायव्हर म्हणतात. ३८ प्रकारच्या कॅन्सरचे २,६५८ संपूर्ण जीनोम एकत्र तपासणारा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गाठीत सरासरी चार-पाच ड्रायव्हर निघाले आणि सुमारे पाच टक्के गाठींमध्ये एकही सापडला नाही. ही पाच टक्क्यांची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सगळी ३१० कोटी अक्षरं वाचूनही कारण हाती न लागणं शक्य आहे.

ड्रायव्हर ओळखायचा कसा? एकाच गाठीकडे पाहून ते सहसा कळत नाही. बऱ्याच रुग्णांत तेच जनुक योगायोगाने होईल त्यापेक्षा जास्त वेळा बिघडलेलं दिसलं, की संशय पक्का होतो. गाल-हिरडीच्या कॅन्सरवर हे काम भारतातच झालं. पश्चिम बंगालमधल्या कल्याणी इथली राष्ट्रीय बायोमेडिकल जीनोमिक्स संस्था आणि नवी मुंबईत खारघरला असलेलं टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक हे संशोधन केंद्र यांनी आंतरराष्ट्रीय कॅन्सर जीनोम प्रकल्पात भारताच्या वतीने हाच कॅन्सर निवडला. २०१३ मध्ये निष्कर्ष छापले गेले. पन्नास रुग्णांच्या गाठींमधला प्रथिन लिहिणारा भाग वाचला आणि सापडलेली जनुकं आणखी साठ रुग्णांत पडताळली. टीपी५३, फॅट१, कॅस्प८, एचरास आणि नॉच१ ही डोकं-मानेच्या कॅन्सरमधली ओळखीची जनुकं निघाली. सोबत यूएसपी९एक्स, एमएलएल४, एरिड२, यूएनसी१३सी आणि टीआरपीएम३ ही पाच नवीन.

यादी वाचून फार काही कळत नाही, म्हणून दोन जनुकं जरा जवळून पाहू. कॅस्प८ पेशीला बाहेरून मिळणारा ‘आता मर’ हा निरोप अमलात आणतं. ते बिघडलं की पेशी तो निरोप कानाआड करते. अमेरिकेतल्या डोकं-मानेच्या कॅन्सरच्या मोठ्या अभ्यासात तोंडाच्या गाठींचा एक छोटा गट वेगळा उठून दिसला. त्यात कॅस्प८ आणि एचरास बिघडलेले, टीपी५३ मात्र शाबूत आणि गुणसूत्रांची मोडतोड अगदी कमी. मायक्रोस्कोपखाली या गाठी इतरांसारख्याच दिसतात. नॉच१ची गंमत अशी, की रक्ताच्या टी-पेशींच्या ल्युकेमियात ते अति चालू झाल्याने कॅन्सर होतो आणि तोंडात ते बंद पडल्याने. म्हणून ‘नॉच१ म्युटेशन’ एवढ्यावर औषध शोधायला निघालेला माणूस नेमका उलट्या दिशेला जाऊ शकतो.

बदलांच्या नमुन्यावरून कारणही ताडता येतं. एका अक्षराचा बदल सहा प्रकारचा असू शकतो. आजूबाजूचं एकेक अक्षर धरलं तर प्रत्येकाचे सोळा उपप्रकार, एकूण ९६. कोणत्या खोक्यात किती बदल पडले याचा आलेख काढला, की कारणागणिक वेगळी खूण उमटते. उन्हाची वेगळी, सिगारेटच्या धुराची वेगळी, वाढत्या वयाची वेगळी. जगभर वापरल्या जाणाऱ्या या खुणांच्या कॅटलॉगमध्ये २९ क्रमांकाच्या खुणेपुढे कारण म्हणून तंबाखू चघळणं नोंदलेलं आहे आणि ती नोंद गाल-हिरडीच्या कॅन्सरवरून आली आहे. फुप्फुसात उमटणारी धुराची ४ क्रमांकाची खूण याहून वेगळी आहे. दोन्ही तंबाखूच, पण जाळून ओढलेली आणि गालात धरलेली तंबाखू डीएनएवर एकसारखी खूण सोडत नाही.

डीएनए जिथे गप्प बसतो

एवढं कळल्यावर आरएनए कशाला? कारण कित्येक बिघाड डीएनएत पाहायला अवघड आणि आरएनएत ढळढळीत दिसतात.

फुप्फुसाच्या कॅन्सरमधलं मेट हे जनुक घ्या. आरएनए बनताना त्याचा १४ क्रमांकाचा तुकडा वगळला गेला, तर तयार होणारं प्रथिन वेळेवर मोडीत निघत नाही आणि पेशीला ‘वाढ’ म्हणत राहतं. हा तुकडा वगळला जायला डीएनएत अनेक वेगवेगळे बदल कारणीभूत असू शकतात, त्यातले बरेच त्याच जनुकातल्या, पण प्रथिन न लिहिणाऱ्या भागात असतात आणि चाचणीची जाळी तिथपर्यंत पोहोचत नाही. आरएनएत मात्र एकच गोष्ट दिसते, तेरावा तुकडा थेट पंधराव्याला जोडलेला. दोन जनुकं तुटून एकमेकांना चिकटण्याचंही असंच आहे. जपानी संशोधकांनी २००७ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये दाखवलेला अल्क या जनुकाचा जोड हे त्याचं गाजलेलं उदाहरण. डीएनएत तुटण्याची जागा हजारो अक्षरांच्या पट्ट्यात कुठेही असू शकते, आरएनएत सांधा ठरावीक जागी येतो.

दुसरं काम वर्गवारीचं. २००० साली स्तनाच्या गाठी जनुकांच्या चालू-बंद असण्यावरून वेगळ्या गटांत पाडता येतात हे दिसलं आणि त्यातून रोजच्या वापरातल्या चाचण्या निघाल्या. २१ जनुकांच्या आरएनएची चाचणी त्यातली सर्वांत परिचित. सोळा जनुकं कॅन्सरची, पाच तुलनेसाठी, उत्तर ० ते १०० मधला एक आकडा. १०,२७३ स्त्रियांची नोंदणी झालेल्या टेलरएक्स चाचणीचे निकाल २०१८ मध्ये आले. हॉर्मोन-पॉझिटिव्ह, हर२-निगेटिव्ह, काखेत न पसरलेल्या कॅन्सरमध्ये आकडा ११ ते २५ असेल, तर बहुतेकींना हॉर्मोनच्या गोळ्यांवर केमोथेरपी जोडून फायदा झाला नाही. पन्नाशीपर्यंतच्या, १६ ते २५ आकड्याच्या स्त्रियांत थोडा झाला. आरएनए मोजून इतक्या जणींची केमो टळली. ट्रान्सक्रिप्टोमिक्सने दवाखान्यात कमावलेलं सर्वांत ठोस यश आमच्या मते हेच आहे, एकेक पेशी वेगळी वाचणाऱ्या सिंगल-सेल पद्धतीच्या रंगीत चित्रांहून कितीतरी ठोस.

आरएनए नाजूक असतो. त्याला कापणारी एन्झाइमं हातावर, टेबलावर, लाळेत, सगळीकडे असतात. पेशीतला ८० टक्क्यांहून जास्त आरएनए राइबोसोमचा, म्हणजे या कामासाठी निरुपयोगी, म्हणून आधी तो बाजूला काढावा लागतो. ताज्या नमुन्यात टोकाला असलेल्या ‘ए’ अक्षरांच्या शेपटीवरून कामाचा आरएनए पकडता येतो. फॉर्मेलिनच्या ब्लॉकमध्ये शेपट्या तुटलेल्या असतात, मग उलट राइबोसोमचा आरएनए गाळावा लागतो. ब्लॉकमधला आरएनए वापरण्याजोगा आहे का, हे २०० अक्षरांहून लांब तुकडे किती टक्के उरलेत त्यावरून ठरवतात. ३० टक्क्यांखाली असेल तर बहुधा पुढे जाण्यात अर्थ नसतो.

तांत्रिक चुकांमध्ये सर्वांत महाग पडणारी चूक साधी असते. सगळे गाठीचे नमुने सोमवारी एका किटने तयार केले आणि निरोगी नमुने शुक्रवारी दुसऱ्या किटने, तर विश्लेषणात शेकडो जनुकांत ‘लक्षणीय फरक’ निघतो. तो कॅन्सरचा की किटचा, हे नंतर कोणतंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. प्रत्येक फेरीत दोन्ही प्रकारचे नमुने मिसळलेले हवेत आणि हे नमुने उचलण्याआधी ठरवायचं असतं.

सरासरीने केलेली फसवणूक

तुकडा वाटून आरएनए काढला की हाती सरासरी येते. त्यात कॅन्सरपेशींचा आवाज किती आणि भोवतालच्या पेशींचा किती, हे कळत नाही. तोंडाच्या कॅन्सरमध्ये या सरासरीने चांगलाच चकवा दिला.

डोकं-मानेच्या गाठींच्या आरएनएवरून त्यांचे काही प्रकार पाडले होते, त्यातल्या एकाचं नाव मेसेनकायमल. समज असा, की या गाठींतल्या कॅन्सरपेशींनी अस्तराचा स्वभाव सोडून तंतूपेशींसारखा फिरता स्वभाव घेतलाय. २०१७ मध्ये बॉस्टनमध्ये सिद्धार्थ पुरम आणि सहकाऱ्यांनी तोंडाच्या कॅन्सरच्या १८ रुग्णांच्या गाठींमधल्या सुमारे सहा हजार पेशी एकेक सुट्या करून प्रत्येकीचा आरएनए वेगळा वाचला. पाच रुग्णांत मूळ गाठ आणि मानेतली गाठ अशी जोडीही होती. मेसेनकायमल म्हणून जो आवाज ऐकू येत होता तो मुख्यतः गाठीतल्या तंतूपेशींचा, फायब्रोब्लास्टचा निघाला. त्यांचा वाटा वजा केला तेव्हा हा प्रकार वेगळा उरलाच नाही, तो बेसल नावाच्या दुसऱ्या प्रकारात मिसळून गेला.

त्याच अभ्यासात एक खरी गोष्टही सापडली. काही कॅन्सरपेशी अस्तराचा स्वभाव पूर्ण न सोडता अर्धवट बदलतात, आणि या पेशी गाठीभर विखुरलेल्या नसतात. त्या गाठीच्या पुढे सरकणाऱ्या कडेला, नेमक्या फायब्रोब्लास्टना लागून असतात. ज्या गाठींत असा अर्धवट बदल जास्त, त्या मानेत पसरण्याची शक्यता जास्त. सुरुवातीच्या दोन रुग्णांमधला फरक निदान काही अंशी इथे दिसू लागतो. हा बदल घडवणारं वेगळं म्युटेशन डीएनएत सापडत नाही. पेशी कुठे आहे आणि शेजारी कोण आहे, यावर तो अवलंबून आहे.

एकेक पेशी वाचणं ऐकायला जितकं सुबक, करायला तितकंच किचकट. गाठ ताजी हवी, थंड ठेवून लगेच प्रयोगशाळेत न्यायला हवी. ती सुटी करायला ३७ अंशांवर अर्धा ते एक तास एन्झाइममध्ये ठेवावी लागते आणि तेवढ्यात पेशी घाबरून फॉस, जून अशी ताणाची जनुकं चालू करतात. ही घबराट गाठीचा गुणधर्म म्हणून वाचली जाण्याचा धोका असतो. हल्ली सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत प्रत्येक पेशी तेलातल्या एका थेंबात अडकवतात. कधी एका थेंबात दोन पेशी शिरतात आणि अर्धी टी-पेशी अर्धी कॅन्सरपेशी असा नसलेलाच प्रकार ‘सापडतो’. मायटोकॉन्ड्रियाचा आरएनए फार जास्त दिसला, तर पेशी मरणपंथाला लागलेली असते, तिला गाळतात. टणक, तंतुमय गाठीतून दाहपेशी सहज सुटतात, कॅन्सरपेशी अडकून राहतात, म्हणून हाती आलेली टक्केवारी गाठीतली खरी टक्केवारी मानू नये.

पेशी सुटी केली की तिचा पत्ता हरवतो. त्यावर उपाय म्हणून गाठीचा पातळ काप जसाच्या तसा ठेवून जागेनुसार आरएनए वाचण्याच्या पद्धती आल्या आहेत. त्यातल्या एका प्रचलित पद्धतीत एकेक ठिपका ५५ मायक्रॉनचा असतो, म्हणजे त्यात एकाहून अधिक पेशी मावतात. पत्ता मिळतो, पण पुन्हा छोट्या प्रमाणात सरासरीच.

गाठ एकसंध नसते, रक्तही पूर्ण उत्तर देत नाही

२०१२ मध्ये मूत्रपिंडाच्या कॅन्सरमध्ये एकाच गाठीच्या वेगवेगळ्या भागांतून नमुने घेतले, तेव्हा जवळपास दोन-तृतीयांश बदल सगळ्या भागांत नव्हते. कॅन्सरपेशींचे वंश फुटत जातात आणि एका सुईने काढलेला तुकडा त्यातला एखादाच वंश पकडतो. म्हणून रक्तात तरंगणारा गाठीचा डीएनए वाचायची कल्पना आकर्षक वाटते. मात्र गणित मांडून पाहा. एका नॅनोग्राम डीएनएत जीनोमच्या सुमारे ३०० प्रती असतात. रक्ताच्या नळीतून वीस नॅनोग्राम निघाला, तर सहा हजार प्रती. गाठीचा वाटा दहा हजारांत एक असेल, तर नळीत सरासरी एक प्रतही आलेली नसते आणि मशीन कितीही खोल वाचो, नसलेलं दिसणार नाही. शिवाय वयोमानाने रक्तपेशींमध्येच डीएनएमटी३ए, टेट२ अशा जनुकांतले बदल साठतात. रक्ताच्या चाचणीत ते गाठीचे म्हणून छापले जाऊ नयेत, यासाठी त्याच नमुन्यातल्या पांढऱ्या पेशीही वाचाव्या लागतात.

औषधापर्यंत किती पोहोचलं

फुप्फुसात बरंच. ईजीएफआर या जनुकातले बदल २००४ मध्ये सापडले, त्यावरच्या गोळ्या कोणाला लागू पडतात ते कळलं, त्या गोळ्यांना दाद न देणारा टी७९०एम हा बदल सापडला आणि त्यावरही ऑसिमर्टिनिब आली. तोंडाच्या कॅन्सरमध्ये हे सुख नाही. इथली बहुतेक जनुकं बंद पडलेली असतात, आणि चालू असलेलं थांबवणं जितकं जमतं, तितकं गेलेलं परत आणणं औषधांना जमत नाही. टीपी५३ सर्वाधिक वेळा बिघडतं, आणि रिपोर्टात ते दिसलं म्हणून तोंडाच्या कॅन्सरचा उपचार सहसा बदलत नाही. अपवाद एचरासचा. टिपीफार्निब या औषधाच्या एका चाचणीत एचरासमधला बदल २० टक्के किंवा त्याहून जास्त असलेल्या वीस रुग्णांपैकी अकरा जणांच्या गाठी चांगल्याच आकसल्या. चाचणी लहान, पण टक्केवारीचा वर केलेला हिशोब उपचाराच्या निवडीत कसा उतरतो ते त्यात दिसतं.

हातात रिपोर्ट आला तर म्युटेशनच्या यादीआधी तीन आकडे शोधावेत : नमुन्यातल्या कॅन्सरपेशींची टक्केवारी, प्रत्येक जागा सरासरी किती वेळा वाचली, आणि प्रत्येक बदलाची टक्केवारी. ‘आढळलं नाही’ हे वाक्य या तिन्हींशिवाय अर्धवट आहे. ‘अर्थ अनिश्चित’ असं लिहिलेल्या बदलावर उपचार ठरवू नयेत, नातेवाइकांच्या तपासण्या तर नकोतच. उलट स्तन आणि अंडाशयाच्या आनुवंशिक कॅन्सरशी जोडलेल्या बीआरसीएसारख्या जनुकातला ओळखीचा घातक बदल ५० टक्क्यांच्या आसपास असेल, तर तो जन्मजात असण्याची शक्यता धरून रक्तावर वेगळी चाचणी आणि जेनेटिक समुपदेशन करून घ्यावं. गाठीच्या रिपोर्टावरून तो जन्मजात आहे की नाही हे पक्कं ठरत नाही.

दुसऱ्या प्रयोगशाळेत चाचणी करायची असेल, तर जुन्या न रंगवलेल्या स्लाइड नेण्यापेक्षा पॅराफिन ब्लॉक मागून घ्यावा, कारण काप काढून ठेवले की हवेने त्यांतला आरएनए काही आठवड्यांत खालावतो. एकाहून जास्त ब्लॉक असतील, तर गाठ जास्त असलेला आणि आम्लात न भिजवलेला कोणता, हे पॅथॉलॉजिस्टला विचारून तोच न्यावा. डीएनए आणि आरएनए दोन्हींसाठी काप एकाच वेळी काढायला सांगावेत, नाहीतर प्रत्येक वेळी ब्लॉक मशीनवर नव्याने सपाट करताना गाठीचा थोडा भाग वाया जातो आणि छोट्या बायोप्सीत तेवढाही परवडत नाही. काम झाल्यावर उरलेला ब्लॉक परत घ्यावा.